हरकत नसावी

इंग्रज माणूस आपल्याला चांगला ठाऊक आहे, अशी सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्या आपल्यासारख्यांची एक प्रामाणिक समजूत असते. ती अगदीच निराधार नसते. सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते डलहौसीच्या अमदानीत १८५४ साली निघाले. परीक्षा घेऊन सनदी नोकर निवडण्याची प्रथा त्याच्या पुढच्याच वर्षी लंडनमध्ये सुरू झाली. आपली मोजमापाची पुस्तिका त्यांची, फाईलवरील टिपणीची रीत त्यांची, आणि ‘आपणांस असे कळविण्याची मला आज्ञा झाली आहे’ या वाक्याने सुरू होणारे पत्रही त्यांचेच. ज्याच्या भाषेत पंचवीस वर्षे टिपण्या लिहिल्या, त्याच्या कचेरीत जाऊन बसणे म्हणजे एका विभागातून दुसऱ्या विभागात बदली होऊन जाण्यासारखेच, असे मला वाटत होते. बदल्यांची तर आपल्याला सवयच असते. नागपूर सोडल्यापासून मी भोपाळ पाहिले, कोचीन पाहिले, शिलाँगला तीन पावसाळे काढले आणि दिल्लीत बिऱ्हाड थाटले. त्यात आणखी एका गावाची भर, एवढेच.

२००२ च्या सप्टेंबरात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, खात्यातला धारणाधिकार राखून मी दोन वर्षांसाठी लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडन येथे सल्लागार अभियंत्यांच्या एका कचेरीत रुजू झालो. रुजू झाल्याचा अहवाल कोणाकडे द्यावयाचा, असे मी पहिल्याच सकाळी विचारले, तेव्हा आमचे प्रमुख हसून म्हणाले, “तुम्ही आलात, हे मला दिसतेच आहे.”

हे प्रमुख माझ्याहून दहा वर्षांनी लहान होते. त्यांचे नाव मी येथे देत नाही. तेथे मात्र ते दिवसातून वीस वेळा उच्चारावे लागे, आणि तेही मागेपुढे काही न लावता. माझ्या जिभेला ते जमेना. मी आपला ‘सर’ म्हणे, आणि दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळल्यासारखा भाव उमटे. शेवटी एकदा ते म्हणाले, “येथे सर म्हणजे एक तर शाळेतले मास्तर, नाही तर राणीने खांद्यावर तलवार टेकवलेला गृहस्थ. मी दोहोंपैकी कोणीच नाही.” त्यानंतर पंधरा दिवस मी त्यांना कोणत्याच नावाने हाक मारली नाही. त्यांच्या टेबलापाशी जाऊन नुसता खाकरत असे.

चहाचे प्रकरण याहून बिकट होते. आपल्याकडे चहा शिपाई आणतो. तो कोण करतो, कोठे करतो, याची चौकशी साहेब करीत नाही. तेथे शिपाई नावाची संस्थाच नव्हती. सकाळी साडेदहाच्या सुमारास कोणीतरी एक जण उठे, सभोवारच्या सात-आठ जणांना विचारी, कोणाला दूध किती आणि साखर किती हे ध्यानात ठेवी, आणि थोड्या वेळाने ज्याचा त्याचा मग ज्याच्या त्याच्या टेबलावर आणून ठेवी. मी तीन आठवडे तो चहा कृतज्ञतेने प्यालो. चौथ्या आठवड्यात खुद्द प्रमुखच हातात तबक घेऊन आले, तेव्हा मी ताडकन उठून उभा राहिलो आणि माझ्या कोपराच्या धक्क्याने निम्मा चहा नकाशांवर सांडला. त्याच दिवशी शेजारच्या टेबलावरील बाईंनी मला सहज विचारले, “किटली कोठे असते, ते तुम्हांला कोणी दाखवले आहे ना?” मी म्हणालो, “हो, पहिल्याच दिवशी.” बाई ‘छान’ म्हणाल्या आणि कामाला लागल्या. किती अगत्यशील बाई, असे मला वाटले! आणखी आठ दिवसांनी माझ्या ध्यानात आले, की त्या दालनात चहा न करणारा मी एकटाच आहे. आणि बाईंनी केलेली चौकशी ही चौकशी नव्हती.

मग मीही पाळी घेऊ लागलो. आठ मगांचे तबक सांभाळीत पहिल्यांदा त्या दालनातून चाललो, तेव्हा जी धाकधूक वाटली ती एखाद्या पुलाची भारचाचणी घेतानाही मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी साडेपाचला कचेरी रिकामी होई. साहेब उठेपर्यंत हाताखालच्याने उठू नये, या संस्कारात मी वाढलो होतो. त्यात ऑक्टोबरअखेर घड्याळे एक तासाने मागे गेली आणि दुपारी साडेचारलाच अंधारू लागले; घरी जाऊन तरी काय करावयाचे? मी सातपर्यंत बसे. एके दिवशी प्रमुखांनी विचारले, “तुमच्यावर कामाचा बोजा फार तर पडत नाही ना?” मी अभिमानाने उत्तर दिले, “मुळीच नाही.” उशिरापर्यंत बसणाऱ्याला तेथे कामसू म्हणत नाहीत, एक तर त्याला कामाची आखणी जमत नाही, नाही तर त्याच्या वरिष्ठाला कामाची वाटणी जमत नाही, असे समजतात. कामगाराच्या लेखी संमतीवाचून त्याच्याकडून आठवड्याला सरासरी अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम करवून घेऊ नये, असा नियमही तेथे १९९८ साली झालेला होता. माझी निष्ठा म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक अडचण होती, आणि ती त्यांनी मला सांगितलीही होती. मला ती ऐकू आली नव्हती.

आमच्या कचेरीच्या कपाटात अर्नेस्ट गॉवर्स यांचे ‘प्लेन वर्ड्‌स’ हे पुस्तक होते. सरकारी नोकरांनी सोपे आणि सरळ लिहावे, म्हणून ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून ते सिद्ध झाले आणि १९४८ साली प्रसिद्ध झाले. ते चाळता चाळता मला एक मौज दिसली. या लोकांनी लेखणी सरळ करून घेतली होती. वळणे होती ती सगळी जिभेवर. आपले याच्या नेमके उलट. कागदावर आपण ‘सविनय सादर’ असतो, आणि तोंडाने हाताखालच्या माणसाला सांगतो, ‘हे उद्या सकाळी टेबलावर पाहिजे.’ तेव्हा त्यांच्या फायली वाचून त्यांचे बोलणे समजेल, ही माझी अपेक्षाच मुळात चुकीची होती. शिवाय ज्या फायली मी वाचल्या होत्या त्या त्यांच्या आजोबांच्या. नातवंडांनी ते घर केव्हाच सोडले होते. त्या घरात आता आपणच राहत होतो.

येथपर्यंत सारे हसण्यावारी नेण्यासारखे होते. पुढचे तसे नाही.

नोव्हेंबरात माझ्याकडे रस्त्याकडेच्या एका संरक्षक भिंतीचा आराखडा आला. जमीन लंडनच्या प्रसिद्ध चिकणमातीची. ही माती मोठी फसवी. तिच्यात कापलेला उतार वर्षानुवर्षे स्वस्थ उभा राहतो आणि मग एके दिवशी, काही निमित्त दिसत नसताना, खचतो. स्केम्प्टन या अभियंत्याने अशा उतारांवर १९६४ साली दिलेले व्याख्यान मी विद्यार्थिदशेतच वाचलेले होते. मी काळजीपूर्वक हिशेब केला, नकाशे काढले आणि ते प्रमुखांपुढे ठेवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले, चांगले म्हटले, आणि उठता उठता एक वाक्य उच्चारले. त्यांचे इंग्रजी वाक्य मी मनाशी आपल्या टिपणीच्या भाषेत उतरवून घेतले, ते असे : ‘भिंतीमागच्या पाण्याचा पुन्हा एकदा विचार करण्यास हरकत नसावी.’

‘हरकत नसावी’ या शब्दांचा फाईलवरील अर्थ वाचकांना सांगावयास नको. त्यात परवानगी असते; आज्ञा नसते. विचार केला तर चालेल, न केला तरी चालेल. मी केला नाही; कारण पाण्याच्या निचऱ्याची सोय माझ्या हिशेबाप्रमाणे पुरेशी होती. पुढच्या आठवड्यात जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी विचारले, “पाण्याबद्दल काही मनात आले का?” मी म्हणालो, “विचार चालू आहे.” त्यानंतरच्या बैठकीच्या कार्यवृत्तात माझ्या आद्याक्षरांसमोर ‘निचऱ्याचा विचार’ असे दोन शब्द आले. साहेबांना या विषयाची गोडी दिसते, असे मला वाटले.

डिसेंबरात एका शुक्रवारी नकाशे जावयाचे होते. दुसऱ्या विभागातील तपासनिसाने ते बुधवारी अडवून ठेवले. भिंतीमागच्या खडी-वाळूच्या थरात कालांतराने चिकणमाती शिरून पाणी तुंबेल, ही शक्यता मी विचारात घेतली नव्हती. काम तीन आठवडे लांबले. ज्यांचे काम होते त्यांच्या प्रतिनिधींसमोर आमचे प्रमुख म्हणाले, “चूक माझी. मी ते नीट समजावून सांगितले नाही.” केवढे हे मोठे मन! बैठकीनंतर मी त्यांचे आभार मानले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “तुम्हांला तसे वाटते?”

त्यानंतर मला जाणवू लागले, की चहा पूर्वीसारखाच माझ्या टेबलावर येतो, हवापाण्याच्या गप्पा पूर्वीसारख्याच होतात, पण नवे काम येत नाही. कोणी आवाज चढविला नाही, कोणी खुलासा मागितला नाही. आपल्याकडे साहेब रागावला म्हणजे निदान तो रागावला हे समजते. तेथे मला भीती वाटू लागली ती त्या सौजन्याची.

जानेवारीत डॉलिस हिल येथील महाराष्ट्र मंडळात संक्रांतीचा कार्यक्रम होता. हे मंडळ १९३२ पासूनचे. मी क्रॉयडनहून लंडन ब्रिजला आणि तेथून भुयारी गाडीने गेलो, ते खरे म्हणजे मराठी ऐकण्यासाठी. तेथे एक वयोवृद्ध बाई भेटल्या. पस्तीस वर्षे त्यांनी तिकडच्या रुग्णालयांतून काम केले होते. तिळगूळ हातावर ठेवून त्यांनी विचारले, “काय हो, चेहरा का असा?” आणि मी परक्या बाईंपाशी सगळी कहाणी सांगून मोकळा झालो. त्या मनापासून हसल्या.

“अहो, त्यांनी तुम्हाला तीनदा हुकूम दिला, आणि तुम्ही तीनदा धुडकावलात!”

“पण त्यांनी नुसतं विचारलं होतं.”

“माझे सासरे ओटीवरून विचारायचे, ‘आज चहा मिळेल का?’ तो काय प्रश्न असायचा? सून झालं की हे आपोआप कळतं. साहेब झालं की विसरायला होतं.”

मी परतलो तो हे वाक्य घेऊन. आपल्या घराघरांतून ही भाषा रोज बोलली जाते; ती मला नवी नव्हती. नवे होते ते माझे स्थान. पंचवीस वर्षे माझ्या बोलण्याचा अर्थ लावण्याचे कष्ट दुसरे घेत आले होते. आता ते मला घ्यावयाचे होते.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुखांकडे गेलो, न खाकरता त्यांना नावाने हाक मारली आणि म्हणालो, “तुम्ही मला तीनदा सांगितलेत, ते मला कळले नाही. आमच्याकडे आज्ञा आज्ञेसारखी असते.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी समजत होतो, की तुम्हांला पटले नाही म्हणून तुम्ही केले नाही. तुम्हांला न कळणे शक्य आहे, हे माझ्या मनातच आले नाही.” त्यानंतर ते मला काम सांगताना ‘हे करा, गुरुवारपर्यंत’ असे सांगू लागले, आणि असे सांगताना त्यांचे कान तांबडे होत. जो संकोच मला त्यांचे नाव घेताना होई, तोच त्यांना आज्ञा देताना होत होता. आम्ही दोघेही थोडे थोडे शिकलो.

एप्रिलमध्ये वार्षिक मूल्यमापन आले. आपला गोपनीय अहवाल ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसला त्यांना त्या प्रसंगाची कल्पना यावी म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. एक छापील पत्रक मला आठ दिवस आधी देण्यात आले. त्यात माझे काम कसे झाले ते प्रथम मीच लिहावयाचे होते. मग एका छोट्या खोलीत आम्ही दोघे समोरासमोर बसलो. त्यांनी स्वतःचे मत लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला, आणि माझे म्हणणे त्याखाली लिहिण्यास सांगितले. शेवटी विचारले, “तुमचा वरिष्ठ म्हणून मी काय सुधारावे, असे तुम्हांला वाटते?” या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला पुरती पाच मिनिटे लागली.

परंतु माझ्या ध्यानात राहिले ते त्याआधीचे वाक्य. ते म्हणाले होते, “बैठकीत तुमचा आवाज आम्हांला आणखी थोडा ऐकायला मिळाला, तर बरे वाटेल.” आता मी शहाणा झालो होतो. मी विचारले, “म्हणजे माझ्यात स्वयंप्रेरणा कमी आहे?”

“मी अगदी त्या शब्दांत म्हटले नसते.”

म्हणजे, तेच. मग त्यांनी कारण सांगितले, ते मला महत्त्वाचे वाटते. कामाच्या जागी सुरक्षा आणि आरोग्य यांची काळजी घेण्यासंबंधीचा त्यांचा कायदा १९७४ चा. त्याखाली बांधकामासाठी १९९४ साली झालेल्या नियमांनी आराखडा करणाऱ्यावरच दिसू शकणारे धोके टाळण्याची आणि उरतील ते कळविण्याची जबाबदारी टाकली. “येथे सगळ्यांत धाकट्याने मला नावाने हाक मारावी, ती केवळ मौजेसाठी नव्हे,” ते म्हणाले. “उद्या त्याला माझी चूक दिसली, तर त्याचे तोंड उघडले पाहिजे.”

‘स्वयंप्रेरणा कमी.’ त्या रात्री मला झोप आली नाही. कारण हे शब्द माझेच होते. ते मी स्वतः, माझ्या हाताने, शिलाँगमध्ये लिहिलेले होते.

शिलाँगला मी कार्यकारी अभियंता असताना माझ्या हाताखाली मेघालयातच जन्मलेला एक तरुण सहायक अभियंता होता. अबोल, नम्र, नकार म्हणून कधी द्यावयाचा नाही, आणि मत विचारले तर उलट एखादा प्रश्न विचारावयाचा. १९९९ च्या हिवाळ्यात आम्ही एका टेकडीच्या उतारावर संरक्षक भिंत बांधीत होतो. काम सुरू होण्यापूर्वी तो मला म्हणाला, “सर, जुलैत येथे पाणी कसे उतरते, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्यावे का?” मी म्हणालो, “बघू.” पाया झाल्यावर त्याने विचारले, “पाणी झिरपून जाण्यासाठी भिंतीत ठेवलेली भोके पुरतील का, सर?” मी म्हणालो, “नकाशात आहेत तेवढी ठेवा.” भिंत अर्धी झाली तेव्हा त्याने तिसऱ्यांदा विचारले, “सर, वरच्या अंगाला एक चर खणून पाहावा का?” मला त्याचा राग आला. हा माणूस स्वतः काही ठरवत नाही, सारखा विचारत बसतो, असे मी मनाशी म्हटले. २००० च्या पावसाळ्यात ती भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली आणि पाडून पुन्हा बांधावी लागली. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. चौकशीत कारण लिहिले गेले, अतिवृष्टी. मेघालयात अतिवृष्टी हे कारण कोणीही मान्य करतो. त्याच्या त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात मी लिहिले : आज्ञाधारक, स्वयंप्रेरणा कमी, श्रेणी, सर्वसाधारण.

शेरा प्रतिकूल नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे तो त्याला कळविलाही गेला नाही. ‘सर्वसाधारण’ ही श्रेणी प्रतिकूल समजू नये, पण ती गौरवाचीही मानू नये, अशी आपल्या पदोन्नतीच्या सूचनांतली भाषा होती. म्हणजे माणसाला कळू न देता त्याला मागे ठेवण्याची ही सोयच होती.

क्रॉयडनच्या त्या रात्री मला प्रथमच उमगले, की त्याने तीनदा प्रश्न विचारला नव्हता. तीनदा इशारा दिला होता. वरिष्ठाचा हुकूम प्रश्नाच्या रूपाने आला, तो मला कळला नाही. कनिष्ठाची सूचना प्रश्नाच्या रूपाने आली, तीही मला कळली नाही. पहिल्या चुकीची शिक्षा मला झाली, दुसरीची त्याला.

२००४ साली मी दिल्लीस परतलो. वाचकांना वाटेल, मी तत्काळ काही केले असेल. केले नाही. अहवाल गोपनीय, वर्षे उलटलेली, आता हात कसा लावावयाचा, असे मी स्वतःला समजावीत राहिलो. २००६ साली पदोन्नतीची यादी निघाली, तीत त्याचे नाव नव्हते. त्याच्या मागच्यांची होती. लंडनच्या मातीसारखाच तो शेरा सहा वर्षे स्वस्थ राहून मग खचला होता. कारण ठाऊक असलेल्या थोड्या माणसांत मी एक होतो. तरीही मी गप्प राहिलो. नियमाचा आडोसा किती उबदार असतो, हे आपल्यासारख्यांना निराळे सांगावयास नको.

पुढे १२ मे २००८ रोजी देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो वा वाईट, ज्याची त्याला कळविली पाहिजे. हे देवदत्तही सीमा रस्ते संघटनेतील कार्यकारी अभियंताच. ‘चांगला’ ही एकच न कळविलेली श्रेणी त्यांच्या पदोन्नतीच्या आड आली होती. त्यानंतर २००८-०९ पासूनचे अहवाल दाखविण्याचा आदेश निघाला. आणि २०१० च्या एप्रिलमध्ये असाही, की त्यापूर्वीच्या ज्या श्रेणी पदोन्नतीस अपुऱ्या पडतात त्याही संबंधिताला कळवून त्याचे अभिवेदन घ्यावे, आणि अहवाल लिहिणारा अधिकारी सेवेत असेल तर त्याचे मत विचारात घ्यावे.

मी सेवेत होतो. त्या वर्षीच्या पावसाळ्यात शिलाँगची ती फाईल माझ्या टेबलावर आली. त्याचे अभिवेदन अर्ध्या पानाचे होते. तक्रार नव्हती, भिंतीचा उल्लेख शेवटी एकाच वाक्यात होता, आणि तो प्रश्नार्थक होता : त्या कामाच्या वेळी मी काही विचारले होते, ते साहेबांना आठवत असेल का?

एका स्नेह्याने सल्ला दिला, की श्रेणी वाढविण्याची शिफारस दोन ओळींत करून टाका, भिंतीचे कशाला काढता? सल्ला व्यवहाराचा होता. मी मात्र त्या दिवशी लेखणी सरळ धरली. त्याने केव्हा, काय, किती वेळा विचारले. मी काय उत्तर दिले. भिंत पुढे येण्यात अतिवृष्टीइतकाच माझ्या न ऐकण्याचा भाग कसा होता. आणि स्वयंप्रेरणा त्याच्यात नव्हे, माझ्या कानांत कशी कमी होती, हे सगळे मी क्रमवार लिहिले. त्या टिपणीपायी मला पुढे दोन खुलासे द्यावे लागले. ते असो. त्याची श्रेणी बदलली, आणि पुढच्या यादीत त्याचे नाव आले. मधली चार वर्षे मात्र कोणालाच परत देता आली नाहीत.

२०१४ साली मी निवृत्त झालो. आपण मराठी माणसे नोकरीनिमित्त दूर दूर जातो, तेथल्या भाषा थोड्याफार शिकतो, भाजी घेण्यापुरत्या, हमालाशी घासाघीस करण्यापुरत्या. आणि कचेरीत इंग्रजी आहे म्हणून तेथे काही शिकावयाचे उरले नाही, असे धरून चालतो. माझ्या मते खरी परकी भाषा कचेरीतच असते. नवखा माणूस ती जीव मुठीत धरून शिकतो, कारण त्याला शिकावीच लागते. खुर्चीवरच्याला ती न शिकताही निवृत्त होता येते.

निवृत्तीनंतर महिनाभराने मला शिलाँगहून एक पत्र आले. चार ओळी प्रकृतीच्या, दोन पावसाच्या, आणि शेवटी लिहिले होते, ‘ती भिंत आता कशी उभी आहे, ते पाहायला सर कधी येतील का?’

वाचून होताच मी पत्नीला म्हटले, “तिकिटं काढायची आहेत. शिलाँगला बोलावलंय.”

तिने पत्र हातात घेऊन वाचले. “बोलावलंय कुठे? नुसतं विचारलंय,” ती म्हणाली.